तकियाच्या हापसीचं पाणी

“...म्हणजे तुम्ही अंगठा देणार नाही, असंच ना बाबा?”

धोटे मास्तरांचा आवाज चढला होता. हातात कागदांची चळत, वरच्या कागदावर अर्ज, खाली सह्याच सह्या.

हुसेनशा बाबा काही बोलले नाहीत. मी त्यांची मिशी कापत होतो, त्यामुळे बोलायची तशी सोयही नव्हती.

मी सुदाम, सावरटेकचा न्हावी. दर शुक्रवारी सकाळी तकियावर येतो. तकिया म्हणजे गावाबाहेरचं फकिराचं ठाणं. एक कडुलिंब, एक जुनी कबर, बाबांची झोपडी आणि समोर हापसी. बस, एवढंच.

बाबांची हजामत करायची एक रीत आहे. त्यांना मान इकडे करा, तिकडे करा म्हणायचं नाही. ते ताठ बसतात, आपण त्यांच्याभोवती फिरायचं. नऊ वर्षं झाली, मी फिरतोय.

गावाला त्या ताठ बसण्याचा केवढा अभिमान! मागे आमदार आला, पाया पडला, गळ्यात हार घातला. बाबांनी मान खाली केली नाही की वळवली नाही. असा फकीर दुसरा नाही, असं सगळं गाव सांगतं. मास्तरांनी तर ही गोष्ट मोबाइलवरच्या आपल्या ग्रुपात लिहून टाकली. ग्रुपाचं नाव ‘जागे व्हा’. रोज पहाटे पाचला त्यात मास्तर सगळ्या गावाला जागं करतात. झोपू देतील तर शपथ.

बाबांनी हाताने मला थांबवलं.

“काय लिहिलंय त्यात? वाच.”

मास्तरांनी घसा साफ केला. आरोग्य खात्याने तकियाच्या हापसीचं पाणी तपासलं, त्यात फ्लोराइड फार निघालं. त्याने दात खराब होतात, हाडं आखडतात, म्हणून महिन्याभरात हापसीचा दांडा काढणार. हा अहवाल आम्हा गावकऱ्यांना नामंजूर आहे.

“नामंजूर काहून?”

“खोटा आहे म्हणून.”

“कशावरून?”

झालं. मास्तर याचीच वाट बघत होते.

“बाबा, बत्तीस वर्षं शाळेत काढली मी. सरकारी कागद कसा तयार होतो, ते मला विचारा. टेकडीवर दरवर्षी झाडं लावतात ना? खड्डे तेच. दर पावसाळ्यात त्याच खड्ड्यात नवं रोप, नवा फोटो. कागदावर त्या टेकडीचं जंगल झालंय! डॉक्टरांचं घ्या. आधी म्हणाले तूप सोडा, तेल खा. मग म्हणाले तेल सोडा. आता म्हणतात तूपच बरं. अंड्याचं तर विचारूच नका, एक वर्ष ते चांगलं असतं, एक वर्ष वाईट. आणि आता निवडणूक तोंडावर आली, तर एकाएकी आमच्या हापसीत विष निघालं! धरणावरून नळयोजना येणार, तिची फीत कोण कापणार? तोच, तुम्हाला हार घालणारा. इथलं पाणी वाईट ठरल्याशिवाय तिकडचं गोड कसं लागेल?”

मास्तर दम घ्यायला थांबले.

“खरं आहे,” बाबा म्हणाले.

मास्तर फुलले. शाईची डबी पुढे केली.

“खड्ड्यांचं खरं आहे. मी इथून बघतो. तुपाचं मला माहीत नाही, जे मिळेल ते मी खातो. फितीचंही खरं असेल.” बाबा थांबले. “आता पाण्याचं सांग.”

“पाण्याचंच तर सांगतोय!”

“नाही रे. तू माणसांचं सांगतोयस.”

...

इथे एक गोष्ट सांगायला पाहिजे. तपासणीवाल्यांनी जाताना हापसीला लाल रंग फासला. लाल म्हणजे पिऊ नका. आमच्या गावाने काय करावं? दोन दिवसांत कुणीतरी त्या लाल रंगावर हळद वाहिली, पुढे नारळ फोडला. तकियाची हापसी, त्यात लाल, म्हणजे काहीतरी जागृत असणारच! गर्दी वाढली. पाणी आधी पीत नव्हते तेही प्यायला लागले. यावर मी काय बोलू?

पण मास्तरांचं दुखणं निराळं होतं. गावात सगळ्यांना माहीत होतं, फक्त त्यांच्यासमोर कुणी काढत नव्हतं.

मुलगा-सून पुण्याला. नात चकुली तीन वर्षांची असल्यापासून आजी-आजोबांकडे. आता ती सात वर्षांची आहे. ही चार वर्षं मास्तर रोज सकाळी तांब्याची कळशी घेऊन तकियावर येतात आणि तिच्यासाठी पाणी नेतात. शाळेतल्या मशीनचं पाणी तिला पिऊ देत नाहीत. ते मेलेलं पाणी, म्हणतात.

तपासणीबरोबर एक डॉक्टर मुलगी आली होती. तिने शाळेत पोरांचे दात बघितले आणि वहीत चकुलीचं नाव लिहिलं. चकुलीला पुढचे दोन दात नवे आलेत, त्यांवर खडूने ओढल्यासारख्या पांढऱ्या रेघा आहेत.

मास्तर त्याच दिवशी शाळेत जाऊन त्या डॉक्टरणीला इतकं बोलले की ती रडायचीच बाकी राहिली. तिकडे पुण्याला सुनेला कळलं. ती म्हणाली, मी येते आणि पोरीला घेऊन जाते. दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी सह्या गोळा करायला घेतल्या.

...

“मास्तर,” बाबा म्हणाले, “एक सांग. अहवाल खोटा आहे, की खोटा निघायला पाहिजे?”

मी उगाच वस्तरा पुसत बसलो.

“चकुली इथलंच पाणी पिते,” शेवटी मास्तर म्हणाले. आवाज पार खाली आला होता. “मीच नेतो.”

“माहीत आहे. रोज बघतो.”

“मग? खरं कसं असेल ते?”

बाबांनी विचारलं, “काय दिसलं तर तू मानशील?”

“म्हणजे?”

“सरकारने तपासलं तर?”

“सरकारचंच तर कारस्थान आहे.”

“खासगीवाल्याने?”

“तो सरकारच्या ओळखीचा.”

“आमदाराच्या विरोधकाने तपासलं तर?”

“त्याचा डाव वेगळा असणार.”

“भिंती चारी बाजूंनी बांधल्यास, मास्तर. दार ठेवलंस का?”

मास्तर चिडले. “शंका घेणं चूक आहे का बाबा? तुम्हीच मला लहानपणी सांगितलंत, कुणाचंही ऐकून चालू नको म्हणून!”

“आता कोण चूक म्हणतंय? तुझी शंका अर्धी राहिली, एवढंच. कागद उलटा कर. मागे लिही, काय दिसलं तर मी चूक. लिहिलंस की मीही माझं सांगतो.”

मास्तरांनी पेन काढलं. कडुलिंबाखाली बसले. बत्तीस वर्षं पोरांना निबंध लिहायला लावलेला माणूस, पण एक ओळ उमटेना. मी बाबांची हजामत उरकली, सामान आवरलं, हात धुतले, तरी हे आपले पेनाचं टोपण चावत बसलेले.

मग एकदम म्हणाले, “वैजयंता.”

वैजयंता त्यांची जुनी विद्यार्थिनी. शहरात कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पाचवीत असताना तिने भर वर्गात उभं राहून फळ्यावरचं गणित चुकलंय म्हणून मास्तरांना सांगितलं होतं. मास्तर अजून ते सगळ्यांना कौतुकाने सांगतात.

“ती मला घाबरून खोटं बोलणार नाही,” मास्तर म्हणाले. “आणि कुणालाच घाबरून बोलणार नाही.”

त्यांनी लिहिलं. घडी घातली. बाबांच्या हातात दिली.

“आता माझं ऐक,” बाबा म्हणाले. “पाणी चांगलं निघालं, तर अंगठा देईन. नुसता अंगठा नाही, तुझ्याबरोबर तालुक्याला येईन. चालत.”

मला नवल वाटलं. बाबा तकिया सोडून कुठे जात नाहीत.

“पण पाणी आम्ही भरणार. तू कबरीकडे तोंड करून बस. तीन बाटल्या देतो. कशात कुठलं पाणी, ते तुलाही कळायचं नाही आणि तुझ्या त्या वैजयंतालाही नाही.”

मास्तरांना हे पटलं. अशा गोष्टी त्यांना फार पटतात.

बाबांनी मला जवळ बोलावून कानात सांगितलं, तसं मी भरलं. नवस फेडलेल्या लोकांचे धागे कडुलिंबाला बांधलेले असतात. त्यातले तीन सोडून बाटल्यांच्या गळ्याला बांधले. एक लाल, एक काळा, एक हिरवा. बाबांनी मला शपथ घातली. न्हाव्याने आठ दिवस पोटात गोष्ट ठेवायची म्हणजे काय हाल होतात, ते माझं मला माहीत.

...

पुढच्या शुक्रवारी मास्तर आले ते जवळजवळ पळतच.

“बाबा, पकडलं!”

“बस आधी. पाणी पी... नको, बस नुसता.”

“वैजयंताने पाठवलंय. ऐका. फ्लोराइड लिटरमागे दीड मिलिग्रॅमपर्यंत चालतं, त्याच्या वर नको. लाल धागा, शून्य पूर्णांक सहा. काळा धागा, चार पूर्णांक एक. हिरवा धागा, चार.” मास्तरांनी कागदावर बोट आपटलं. “आता तुम्हीच सांगा! तीन जागांची तीन पाणी. त्यातल्या दोन जागांचा आकडा इतका सारखा? असं होतं कधी? खोलीत बसून ठोकून दिलंय सगळं. मला वैजयंताकडून ही अपेक्षा नव्हती. पण बघा, पकडलं की नाही?”

त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला बघवेना.

“तीन जागा कोण म्हणालं?” बाबांनी विचारलं.

...

“काळी आणि हिरवी, दोन्ही हापसीच्याच. लाल धाग्यात तकियामागच्या गणूच्या शेतातल्या जुन्या विहिरीचं पाणी आहे.”

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. आठ दिवसांनी सुटलो एकदाचा, पण जिवाला बरं वाटलं नाही.

“पोरगी आकडे ठोकून देत असती,” बाबा हळू आवाजात म्हणाले, “तर एकाच पाण्याचे दोन सारखे आले नसते.”

मास्तर उभेच होते. बाबांनी उशाखालून ती घडी काढली आणि पुढे केली.

“तू काय लिहिलं होतंस?”

मास्तर वाचू लागले. “हापसीचं पाणी दीडच्या वर निघालं, तर मी चूक. चकुलीला त्यातला एक घोटही देणार नाही. आणि ज्यांच्या सह्या घेतल्या, त्या प्रत्येकाच्या घरी...”

पुढचं वाचवलं नाही. ते खाली बसले, मातीतच.

“चार वर्षं, बाबा. माझ्या हाताने. रोज कळशी चिंचेने घासून... म्हटलं, पोरीला चांगलं पाणी मिळावं.”

मास्तर रडले. मी त्यांच्या वर्गात शिकलोय, त्यांच्या हातचा मारही खाल्लाय, पण त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं.

बाबांनी त्यांची समजूत घातली नाही. त्यांच्या हातात जपमाळ होती, तसबीह म्हणतात ती. त्यांनी ती हातातून सोडली. ती त्यांच्याच पायाशी पडली.

“मास्तर, तेवढी उचलून दे. मला खाली बघता येत नाही.”

मास्तरांनी डोळे पुसले. “बघता येत नाही?”

“मान वाकत नाही. वळतही नाही. सुदामला विचार, नऊ वर्षं माझ्याभोवती फिरतोय.”

“पण... आमदार आला होता तेव्हा...”

“हार कुठल्या फुलांचा होता, तेही मला दिसलं नाही रे.”

मास्तर आळीपाळीने बाबांकडे आणि हापसीकडे बघत राहिले. हापसी बसवली त्याला तीस वर्षं होऊन गेली. तेव्हापासून बाबा तिचंच पाणी पितात.

“आम्ही सगळे ती तुमची तपश्चर्या समजत होतो, बाबा.”

“मीही.”

...

कडुलिंबावर कावळा ओरडत होता.

“ती डॉक्टर पोरगी रंग द्यायला आली तेव्हा म्हणाली, बाबा, हनुवटी छातीला लावून दाखवा,” बाबा सांगू लागले. “लागली नाही. तिने कारण सांगितलं. तीन दिवस मी रागात होतो. फकिराची ताठ मान, आणि ती म्हणे पाण्याचा रोग! चौथ्या दिवशी तू कागद घेऊन आलास. माझा अंगठा तयार होता, मास्तर. ते खोटं निघायला तुझ्यापेक्षा मला जास्त पाहिजे होतं.”

“मग हे त्याच दिवशी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं, तर तू नुसत्या माझ्या शब्दावर मानलं असतंस.”

“हो! लगेच मानलं असतं!”

“हं,” बाबा म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

मास्तरांनी तसबीह उचलून त्यांच्या हातात दिली. मग माझ्याकडे वळले. “सुदाम, तुझी फटफटी आहे ना रे?”

...

तालुक्याच्या दवाखान्यात तीच डॉक्टर होती. मास्तरांना दारात बघून ती खुर्चीतून उठलीच. तिला वाटलं, आता पुन्हा.

मास्तरांनी हात जोडले. “बाई, त्या दिवशी मी फार वाईट बोललो. तुमचं बरोबर होतं. माझ्या नातीला बघा.”

तिने चकुलीला खाली वाकायला लावलं, उकिडवं बसायला लावलं, हनुवटी छातीला टेकवायला सांगितलं. चकुलीला तो खेळच वाटला. तिने हनुवटी टेकवलीच, वर डोकं जमिनीला लावून कोलांटी मारली आणि टेबलाखाली गेली. डॉक्टर हसली. मास्तरांना काही हसू आलं नाही. ते भिंतीला धरून उभे.

“हाडं छान आहेत,” डॉक्टर म्हणाली. “दोन दातांवरच्या रेघा राहतील. पण पाणी आता बदलाल, तर मागून येणाऱ्या दातांना पुष्कळ फायदा होईल. वेळेवर आणलंत.”

“हाडं छान आहेत?”

“छान आहेत.”

“नक्की?”

“आजोबा, नक्की.”

तिसऱ्यांदा विचारणार होते, मीच त्यांचा हात दाबला. बाहेर येऊन मास्तर पायरीवर बसले आणि एकदम हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी. चकुली म्हणाली, “आबा, तुम्हाला पण कोलांटी मारायला सांगितली का?”

तिथूनच त्यांनी सुनेला फोन लावला. आडवळण न घेता सांगितलं, “चूक माझी होती, पोरी. तपासून घेतलं. चकुली बरी आहे. तुला न्यायची असेल तर ने, मी अडवणार नाही.”

ती म्हणाली, “मामाजी, तुम्ही सांगितलंत, बरं वाटलं. राहू द्या तिला. परीक्षा झाल्यावर बघू.”

येताना फटफटीवर मध्ये चकुली, मागे मास्तर. माझ्या पाठीमागे दोघं मोठमोठ्याने पाढे म्हणत होते. माझं डोकं उठलं, पण मी फटफटी सावकाशच चालवली.

...

त्या आठवड्यात मास्तरांनी पोरांना हाताशी धरून गणूची विहीर उपसली, गाळ काढला, दवाखान्यातून पावडर आणून टाकली. आता पाणी गाळून, उकळून बाबांसाठीही तेच आणतात. त्याच कळशीने. डॉक्टरने बाबांनाही बघितलं. मान काही पहिल्यासारखी व्हायची नाही म्हणाली, पण आखडणं इथेच थांबेल, दुखणंही कमी होईल. मी अजून त्यांच्याभोवती फिरतोच. फक्त आता फिरताना आम्ही दोघंही हसतो.

शुक्रवारी मी साबण लावत होतो, तेवढ्यात मास्तर आले. कळशी ठेवली आणि सुरू झाले.

“बाबा, चाळीस घरं झाली. एकही माणूस ऐकत नाही! मी सांगतो, पाणी वाईट आहे. म्हणतात, मास्तर फुटले. म्हणतात, नळयोजनेवाल्यांनी मास्तरांना ओढलं. मी वैजयंताचा कागद दाखवला, तर तो गजानन, माझ्याच हाताखाली शिकलेला, मला म्हणतो, कागद खोलीत बसून बनतात, तुम्हीच सांगितलंत ना? आणि ग्रुपात काय लिहिलंय माहीत आहे? ‘मास्तर, जागे व्हा’!”

मला हसू आवरेना. साबण बाबांच्या कानात गेला. मास्तरांनी आधी माझ्याकडे रागाने बघितलं, आणि मग तेही हसू लागले. पहिल्यांदाच मी त्यांना स्वतःवर हसताना बघितलं. चांगले दिसतात.

“हसण्यावारी नका नेऊ,” ते डोळे पुसत म्हणाले. “पोरं अजून तिथलंच पाणी पितात, बाबा. तुम्ही एकदा गावाला सांगा. मानेचं सांगा. तुमचं सगळे ऐकतील.”

बाबांनी कानातला साबण पुसला.

मग त्यांनी हात उचलून झोपडीच्या दाराकडे दाखवला.

“तीनही बाटल्या धुऊन ठेवल्यात, मास्तर. गजाननला बोलाव.”